वसुलीच्या शीटमधले रंग

नमस्कार. पतसंस्था, हाउसिंग सोसायट्या, पेठांमधली हिशेबाची छोटी ऑफिसं, अशा ठिकाणी दिवसभर एक्सेल उघडं ठेवून काम करणारी मंडळी आज समोर बसली आहेत. विषय ऐकायला अगदी लहान आहे: शीटमधले रंग दिसेनासे झाले तर काय करायचं? मला तो लहान का वाटत नाही, हे एका प्रसंगावरून सांगते.

२८ मार्चची संध्याकाळ होती. लक्ष्मी रस्त्याच्या मागच्या गल्लीतल्या एका पतसंस्थेतून फोन आला. वसुलीचं काम बघणाऱ्या बाई बोलत होत्या, आवाज रडवेला झालेला. “मॅडम, शीटमधले सगळे रंग उडाले. परत भरायला गेले, तर भरतच नाहीयेत.” मी म्हटलं, “ताई, आता कशालाही हात लावू नका. सेव्ह तर मुळीच करू नका. मी येतेच.”

ते मार्च एंडिंगचे दिवस होते आणि शीटमध्ये आठशेच्या वर खाती. लाल म्हणजे तीन हप्ते थकले, पिवळा म्हणजे नोटीस गेली, हिरवा म्हणजे पैसे जमा झाले पण पावती फाडायची राहिली. ही माहिती दुसरीकडे कुठेही लिहिलेली नव्हती. वर्षभर लोकांना फोन करून, घरी जाऊन, ऐकून घेऊन त्या बाईंनी जे गोळा केलं होतं, ते सगळं त्या रंगांत होतं. म्हणून अशा वेळी कुणी “रंगच तर गेलेत” म्हणालं, की मला ते पटत नाही.

जाऊन पाहिलं तर सेल कोरे होते, पण आकडे जागच्या जागी. बाईंनी दुपारपासूनची हकिगत सांगितली. आधी अख्खी स्क्रीन काळी झाली आणि अक्षरं पांढरी. शेजारच्या टेबलावरच्या मुलाने सेटिंगमध्ये जाऊन यादीतलं पांढरं निवडलं. काळेपणा गेला, सगळ्यांना वाटलं झालं काम. मग शीट उघडलं तर रंग गायब. बाईंनी एका सेलमध्ये पिवळा भरून पाहिला, दिसला नाही. दोन सेलमध्ये भरला, तरी नाही. शेवटी कंट्रोल-ए करून सगळं शीट निवडलं आणि त्यावर पिवळा दिला. तरीही काही दिसलं नाही, तेव्हा मला फोन केला.

आता नीट ऐका. रंग दिसत नव्हता, पण भरला जात होता. फाइलमध्ये त्या क्षणी आठशेच्या आठशे खाती पिवळी झाली होती. तशीच सेव्ह केली असती, तर वर्षभराचे लाल आणि हिरवे कायमचे पुसले गेले असते. ताईंनी माझं ऐकून सेव्ह केलं नव्हतं. मी फाइल सेव्ह न करता बंद केली, तीच दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली, आणि सगळे रंग तिथे होते. त्या बाई खुर्चीत बसल्या आणि दोन मिनिटं काहीच बोलल्या नाहीत.

तुमची फाइल वनड्राइव्हवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठ्यात असेल आणि ऑटोसेव्ह चालू असेल, तर सेव्ह न करता बंद करण्याचा हा उपाय चालत नाही, कारण ती आपली आपण सेव्ह होत राहते. तिथे व्हर्जन हिस्टरीमधून आधीची प्रत परत आणता येते. पण रंग दिसत नाही तेव्हा रंग भरायचा नाही, हे दोन्हीकडे सारखंच लागू.

झालं काय होतं? विंडोजमध्ये हाय कॉन्ट्रास्ट नावाची सोय आहे. ती चालू झाली की विंडोज प्रोग्रॅमांना सांगतं, पार्श्वभूमी, अक्षरं, लिंक, निवडलेला मजकूर असे मोजकेच रंग वापरा. एक्सेल ते ऐकतं आणि सेलमध्ये भरलेले रंग दाखवणं थांबवतं. फाइल जशीच्या तशी राहते. त्या मुलाने निवडलेलं ‘पांढरं’ हीसुद्धा याच सोयीतली पांढरी थीम होती, म्हणून स्क्रीन नेहमीसारखी दिसायला लागली आणि खरं कारण झाकलं गेलं. विंडोज १० मध्ये सेटिंग्ज, मग ईझ ऑफ अॅक्सेस, मग हाय कॉन्ट्रास्ट असं जाऊन ती बंद करायची. विंडोज ११ मध्ये अॅक्सेसिबिलिटीखाली कॉन्ट्रास्ट थीम्स आहे, तिथे ‘नन’ (None, म्हणजे कोणतीच नाही) निवडायचं.

ती चालू झाली कशी, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण हे मराठीत काम करणाऱ्यांकडून सहज होतं. या सोयीची शॉर्टकट आहे डावं आल्ट, डावं शिफ्ट आणि प्रिंट स्क्रीन, तिन्ही एकदम. आता आपलं काम आठवा. नाव मराठीत, खाते क्रमांक इंग्रजीत, शेरा पुन्हा मराठीत. भाषा बदलायला दिवसातून शंभरदा डावं आल्ट आणि शिफ्ट दाबलं जातं. त्यात काही एरर आली की तिचा फोटो साहेबांना पाठवायला प्रिंट स्क्रीन. काही लॅपटॉपवर तर हे बटण स्पेसबारच्या ओळीतच, उजव्या आल्टच्या शेजारी असतं. बोटं दोन्हीकडे असतानाच तिसरं बटण लागलं, की एक छोटी खिडकी विचारते, हाय कॉन्ट्रास्ट चालू करायचं का? टायपिंगच्या नादात होकार दिला जातो. यात त्या बाईंची काडीचीही चूक नव्हती.

म्हणून भाषा बदलायला विंडोजचं बटण आणि स्पेसबार वापरा. स्क्रीनशॉटला विंडोज, शिफ्ट आणि एस. आणि हाय कॉन्ट्रास्टची ती शॉर्टकट सेटिंगमध्ये जाऊन बंदही करता येते.

रंग दिसेनासे झाले की कारण ओळखायला कुठलाही एक रंगीत फोटो उघडून पाहा, ही खूण लक्षात ठेवा. फोटो रंगीत दिसतोय आणि सेलच कोरे आहेत, तर कॉन्ट्रास्टवर संशय घ्या. फोटोही करडा दिसतोय, तर अख्ख्या स्क्रीनचे रंग बदलणारा विंडोजचा कलर फिल्टर लागला असेल. त्याचीही शॉर्टकट चालू ठेवलेली असली, तर विंडोज, कंट्रोल आणि सी याने तो लागतो आणि निघतो.

स्क्रीनवर रंग आहेत पण कागदावर नाहीत, असं असेल तर पेज सेटअपच्या शीट या भागात ब्लॅक अँड व्हाइटवर टिक आहे का पाहा. आणि एक्सेलऐवजी लिब्रे ऑफिस वापरत असाल, तर कंट्रोल-एफ८ ने व्हॅल्यू हायलायटिंग चालू होतं. मग तुम्ही अक्षरांना दिलेले रंग जाऊन मजकूर काळा, आकडे निळे आणि सूत्रं हिरवी दिसतात. पुन्हा तेच दाबलं की पूर्ववत.

आता दुसरी गोष्ट. रंग हाताने भरलेला नाही, कंडिशनल फॉरमॅटिंगने, म्हणजे ठरवून दिलेल्या नियमानुसार आपोआप येतोय, आणि काही ओळींत येतोय, काहींत नाही. इथे बहुतेक वेळा गोंधळ तारखांचा असतो. समजा नियम असा आहे की देय तारीख उलटली की सेल लाल. कॉम्प्युटरच्या सेटिंगमधलं रीजन (तारखा कुठल्या देशाच्या पद्धतीने वाचायच्या ते) अमेरिकेचं ठेवलेलं असेल, तर तो आधी महिना वाचतो, मग दिवस. तुम्ही १३/०४ लिहिलंत. तेरावा महिना नाही, म्हणून एक्सेलने त्याला तारीख मानलंच नाही, नुसता मजकूर मानला. मजकूर एक्सेलच्या तुलनेत कुठल्याही आकड्याहून मोठा ठरतो, त्यामुळे ‘आजच्या आधीची’ ही अट तिथे कधीच पूर्ण होत नाही. ती थकबाकी किती का जुनी असेना, सेल कोराच राहणार.

पण याहून वाईट ०५/०४ चं होतं. ५ एप्रिलची ४ मे झाली. तिथे रंग येतो, पण महिनाभर उशिरा. ज्याला एप्रिलमध्ये फोन जायला हवा होता, त्याला मे महिन्यात जातो. ओळखायचं कसं? कॉलमला स्वतःहून डावं-उजवं काही दिलेलं नसेल, तर खरी तारीख सेलच्या उजव्या कडेला बसते आणि मजकूर डाव्या. एकाच कॉलममध्ये काही तारखा डावीकडे, काही उजवीकडे दिसल्या, की रीजनमध्ये इंग्लिश, इंडिया केलं पाहिजे. पण तेवढ्याने आधीच्या उलटलेल्या तारखा सुधारत नाहीत. त्या मूळ कागदाशी एकेक ताडून घ्याव्या लागतात. याला सोपा मार्ग नाही, आणि तो शोधण्यात वेळ घालवू नका.

रंग खरोखर जातात ते फाइलचा प्रकार बदलताना. कुठल्या तरी पोर्टलला सीएसव्ही हवी असते, आपण त्याच शीटची सीएसव्ही करतो आणि पुढे तिच्यातच काम करत राहतो. सीएसव्हीमध्ये आकडे आणि अक्षरं राहतात, बाकी काही नाही. रंग नाही, सूत्र नाही, दुसरं शीट नाही. बंद करून उघडली की गेलं ते गेलं. जुन्या २००३ पर्यंतच्या प्रकारात सेव्ह केलंत तर रंग राहतात, पण त्या फाइलला एका वेळी ५६ रंगांचीच पेटी असते. तुमच्या फिकट केशरी आणि गडद केशरीतला फरक त्यात हरवू शकतो.

त्या पतसंस्थेत मी नंतर एक कॉलम वाढवायला लावला, ‘स्थिती’ नावाचा. थकीत, नोटीस, जमा, असे शब्द ड्रॉपडाउनमधून निवडायचे आणि रंग त्या शब्दावरून आपोआप यायचा. बाई आधी म्हणाल्या, दुप्पट काम होईल. आठशे खात्यांना शब्द भरायला त्यांना दोन दिवस लागले.

तिथेच एक ज्येष्ठ सहकारी आहेत, डोळ्यांचं ऑपरेशन झालेले. काळ्या पडद्यावरची पांढरी अक्षरं त्यांना खरंच बरी दिसतात, हे त्या संध्याकाळी सगळा गोंधळ बघताना त्यांनीच सांगितलं. हाय कॉन्ट्रास्ट अशाच लोकांसाठी केलेलं आहे. त्यांचं आणि बाईंचं लॉगिन एकच होतं, ते वेगळं करून दिलं, कारण हे सेटिंग ज्याच्या त्याच्या लॉगिनपुरतं राहतं. पूर्वी रंगांवर चालणारं हे शीट त्यांना वाचून दाखवावं लागायचं. आता सकाळी आल्यावर ते काळ्या स्क्रीनवर ‘थकीत’ला फिल्टर लावतात आणि पहिला फोन स्वतः करतात.