गोळी हातात घेतल्यावरची तीन मिनिटं

तीन महिन्यांहून जास्त टिकलेल्या वेदनेला वैद्यकशास्त्र दीर्घकालीन म्हणतं. आज मी ज्यांच्याविषयी बोलणार आहे, त्यांच्यातल्या अनेकांनी दहा-दहा वर्षं दुखणं अंगावर काढलेलं असतं. ट्रामाडॉल, ऑक्सिकोडोन, मॉर्फिन यांसारखी ओपिऑइड, म्हणजे अफूच्या जातीची तीव्र वेदनाशामक औषधं सुरू होतात आणि आधी खरोखर आराम पडतो. मग शरीर सरावतं, तेवढ्या डोसनं भागेनासं होतं. काहींची मज्जासंस्था तर या औषधांमुळेच जास्त हळवी होते आणि दुखणं उलट वाढतं.

अशा माणसाला 'ध्यान करा' म्हटलं की त्याला ऐकू येतं, 'तुमच्या दुखण्याचं सोंग आहे.' तो चिडतो, आणि त्याचं चिडणं रास्त आहे. वेदना खरीच असते. सजगतेनं, म्हणजे आत्ता जे होतंय त्याकडे शांतपणे लक्ष देण्यानं, ती पुसली जाईल, असं आश्वासन मी कुणालाही देत नाही.

मग उपयोग काय? माझ्याकडे आलेल्या एक बाई 'कंबर दुखते' एवढंच सांगायच्या. मी म्हटलं, डोळे मिटा आणि नीट बघून सांगा. ठणका आहे, सणक आहे, रग आहे, की मुंग्या? आपल्या भाषेत दुखण्याला किती शब्द आहेत, आणि उपचारात ते फार कामाला येतात! बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, "मधोमध आग होतेय. कडेनं नुसतं आवळल्यासारखं. आणि डावीकडे... डावीकडे काहीच नाही." इतकी वर्षं जी कंबर सगळीच्या सगळी दुखत होती, तिच्यात न दुखणारी जागा सापडली होती. दुखण्याच्या अवतीभवती साचलेली भीती आणि 'आता हे असंच चालणार' हा घोर त्या जागेत जरा वेगळा दिसू लागतो.

जॉन कबात-झिन यांनी १९७९ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये, पुढे आठ आठवड्यांचा म्हणून रूढ झालेला, सजगतेचा कार्यक्रम सुरू केला, तेव्हाही त्यांच्याकडे जुनाट दुखण्याचे रुग्ण येत होते. ओपिऑइड घेणाऱ्यांसाठी संशोधक एरिक गारलंड यांनी वेगळी पद्धत बांधली. तिच्यातला एक भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो. गोळी घेण्याआधी तीन मिनिटं श्वासाकडे लक्ष द्यायचं आणि स्वतःला विचारायचं, ही दुखण्यासाठी घेतोय की तलफेसाठी? उत्तर काहीही येवो, गोळी घ्यायला मनाई नाही. पण हात आपोआप डबीकडे जाणं तेवढ्यापुरतं थांबतं. याच पद्धतीत सूर्यास्त किंवा एखादं फूल मन लावून बघायलाही शिकवतात, कारण दीर्घकाळ ओपिऑइड घेतल्यानं साध्यासाध्या गोष्टींतला आनंद बोथट होतो.

२०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गारलंड यांच्या चाचणीत औषधाचा गैरवापर होत असलेले २५० रुग्ण होते. नऊ महिन्यांनंतर ही पद्धत शिकलेल्या गटातल्या ४५ टक्के लोकांचा गैरवापर थांबला होता. नुसत्या आधारगटात हे प्रमाण २४ टक्के होतं. म्हणजे निम्म्याहून अधिकांना पुरेसा फायदा झाला नाही, हेही सांगायलाच हवं. २०२५ मध्ये ओपिऑइड घेणाऱ्या ७७० कंबरदुखीच्या रुग्णांवरचा अभ्यास आला. त्यात सजगता आणि विचार-वर्तन उपचार (विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी पद्धत) दोन्ही सारखेच उपयोगी ठरले. वेदना कमी झाली आणि डोसही उतरला. ज्याला डोळे मिटून बसणं जमत नाही, त्याला दुसरी वाट मोकळी आहे.

एक कळकळीची विनंती. हे ऐकून घरी जाऊन गोळ्या बंद करू नका. ओपिऑइड एकदम सोडल्यास वेदना उसळते, शरीर थरथरतं, जिवाची घालमेल होते, आत्महत्येचे विचारही येऊ शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१९ मध्ये डॉक्टरांना याबद्दल जाहीर इशारा दिला होता. डोस उतरवायचा तो डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हळूहळू.

त्या बाईंना आठ आठवड्यांत कळलं की संध्याकाळची गोळी त्या कंबरेसाठी घेत नव्हत्या. घर सुनं व्हायचं, ती वेळ त्यांना सोसवत नव्हती. त्यांच्या डॉक्टरांनी ती गोळी पुढच्या काही महिन्यांत थोडी थोडी करत थांबवली. सकाळची अजून चालू आहे.