डर्बीआधीचं घड्याळ

[दृश्य: महालक्ष्मी रेसकोर्स, पहाटेचा सराव. कठड्यापाशी स्टॉपवॉच धरलेले हात.]

हजार मीटर, एक मिनिट आठ सेकंद. शेवटचे सहाशे, चाळीस सेकंदांत.

सरावाचे असे आकडे महालक्ष्मीला सकाळीच टिपले जातात आणि रेसवाल्यांमध्ये फिरतात. जानेवारी सरत आला की त्यांना भलताच भाव येतो. फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी इंडियन डर्बी असते ना! १९४३ साली सुरू झालेली, २४०० मीटरची, चार वर्षांच्या घोड्यांची शर्यत.

आता हे ‘चार वर्षं’ म्हणजे कागदावरचं वय. शर्यतीच्या घोड्यांचा वाढदिवस सरसकट १ जानेवारीला धरतात. जानेवारीत जन्मलेलं शिंगरू आणि मे महिन्यात जन्मलेलं शिंगरू रेसबुकात एकाच वयाचं. डर्बीच्या दिवशी मेवालं प्रत्यक्षात पावणेचार वर्षांचंच असतं. कोवळ्या वयात चार महिन्यांनी हाडापेराला किती फरक पडतो, ते कुठल्याही मोतद्दाराला विचारा. म्हणून डिसेंबरात एखादं शिंगरू सेकंदाने मागे पडलं, तर आधी त्याचा जन्ममहिना बघावा.

सकाळच्या आकड्यांना मी फार किंमत देत नाही. घोड्यावर जॉकी होता की फक्त सरावाला बसणारा रायडिंग बॉय, त्याने लगाम धरून ठेवला होता की घोड्याला रेटलं होतं, हे घड्याळाला कळत नाही. खरा आकडा शर्यतीतला. पण तोही जसाच्या तसा घेऊन चालत नाही.

[दृश्य: पुण्याचा रेसकोर्स, पावसाने भिजलेलं गवत.]

यातले बरेच घोडे आधी पुण्यात धावलेले असतात. पुण्याचा हंगाम ऐन पावसात सुरू होतो. भिजलेल्या गवतात खूर रुततो, वेळ लांबते. समजा, एक घोडा पुण्यात १६०० मीटर ९९ सेकंदांत धावला आणि दुसरा मुंबईच्या कोरड्या ट्रॅकवर ९७ सेकंदांत. दुसरा सरस वाटतो. पण पुण्यात त्या दिवशी सगळ्याच शर्यती नेहमीपेक्षा तीन सेकंदांनी मंद झाल्या असतील, तर पहिल्याचे ९९ म्हणजे ९६ धरायला हवेत. एका सेकंदाचा फरक, म्हणजे जवळजवळ सात लेंग्थ, सात घोड्यांच्या लांबीइतकं अंतर.

स्पीड फिगर म्हणतात ती मुळात हीच वजाबाकी. अमेरिकेत अँड्र्यू बायर या पत्रकाराने ती पद्धतशीर मांडली आणि तिथल्या रेसच्या दैनिकात आज प्रत्येक घोड्यापुढे त्याच्या नावाचा आकडा छापतात. आपल्याकडे जमीन किती मऊ आहे, हे पेनेट्रोमीटरने मोजून जाहीर करतात. तो आकडा वाचण्याचे कष्ट मात्र थोडेच जण घेतात. टिप ऐकणं सोपं पडतं!

[दृश्य: वळणावरचे घोडे, वरून.]

वळणाचा हिशेब तर शाळेतल्या भूमितीचा. अर्धवर्तुळाकार वळणावर कठड्यापासून एक मीटर बाहेरून धावलं, तर सुमारे ३.१ मीटर जास्त अंतर पडतं. घोड्याची लांबी साधारण अडीच मीटर. म्हणजे एक लेंग्थहून जास्त नुकसान, आणि वेळेच्या रकान्यात त्याची नोंद नाही. अर्ध्या लेंग्थने हरलेला, पण बाहेरून आलेला घोडा मला जिंकणाऱ्याहून उजवा वाटतो.

शेवटचे चारशे मीटर वेगळे काढून बघावेत, ते वेगळ्याच कारणासाठी. सुरुवातीला सगळेच रमतगमत निघाले, तर एकूण वेळ वाईट येते, मग घोडा कितीही चांगला असो. अमेरिकेतली १९७३ची केंटकी डर्बी सेक्रेटेरिएट नावाच्या घोड्याने एक मिनिट ५९.४ सेकंदांत मारली. तो विक्रम अजून मोडलेला नाही. पण त्या शर्यतीत बघण्यासारखे आहेत ते त्याचे पाच तुकडे: २५.२, २४, २३.८, २३.४ आणि २३. दर चारशे मीटरला आधीपेक्षा जलद! दोन हजार मीटरच्या शेवटाला घोडे सहसा मंदावतात. हा वेग वाढवत गेला.

आपल्या डर्बीची खरी अडचण पुढेच आहे. इंडियन टू थाउजंड गिनीज ही शर्यत डिसेंबरात होते, १६०० मीटरची. त्या आकड्यावर आपण २४०० मीटरचा घोडा निवडायला बसतो. उरलेल्या आठशे मीटरबद्दल गिनीजचं घड्याळ काही सांगत नाही. मग आईबापाची वंशावळ काढायची: बाप लांब पल्ल्याचा होता का, आईची आधीची शिंगरं किती अंतरावर जिंकली. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात, पण पाळण्यात अंतर मोजता येत नाही.

२०१०मध्ये डब्लिनच्या संशोधकांनी मायोस्टॅटिन या जनुकाचा एक फरक दाखवून दिला. त्याचा एक प्रकार असलेले घोडे छोट्या अंतरावर चमकतात, दुसऱ्या प्रकारचे लांब पल्ल्यावर, आणि दोन्हींची सरमिसळ असलेले मधल्या अंतरावर. थोड्याशा रक्तावरून ही चाचणी होते. मालकाने ती करून घेतली, तर निकाल त्याला आणि ट्रेनरला कळतो. तिकीट काढणाऱ्याच्या रेसबुकात तो रकाना नाही.