‘सत्रप’ हा शब्द इथे आला कुठून?

नमस्कार श्रोतेहो. कॉलेजात लिबरल आर्ट्स घेतलं म्हटलं की कुणीतरी हमखास विचारतं, ‘म्हणजे चित्रं काढणार का?’ आपण ‘कला’ शब्द वापरतो, त्याचा हा घोटाळा. मूळ लॅटिन नाव ‘आर्तेस लिबेरालेस’, म्हणजे स्वतंत्र माणसाला शोभणाऱ्या विद्या. मध्ययुगात त्या सात मोजत: व्याकरण, तर्क, वक्तृत्व, आणि अंकगणित, भूमिती, संगीत, खगोल. यातल्या शेवटच्या चार गणिताच्या पोटातल्या, संगीतसुद्धा. गणितापासून सुटका म्हणून आर्ट्स घेणाऱ्यांनी हे जरा ऐकून ठेवावं. पॅरिसच्या विद्यापीठात धर्मशास्त्राकडे वळायचं तर सहसा आधी याच विद्या कराव्या लागत. म्हणजे पुढच्या शिक्षणाची तयारी हे त्यांचं काम जुनंच आहे.

पण तयारी नेमकी कसली? त्यासाठी एक गोष्ट सांगतो.

युरोपात एक दानपत्र होतं. त्यात लिहिलं होतं की रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनला पोप सिल्व्हेस्टरने कुष्ठरोगातून बरं केलं आणि त्या उपकारापोटी सम्राटाने रोम शहर आणि पश्चिमेकडचे प्रांत पोपच्या हवाली केले. खाली सम्राटाचं नाव. केवढं मोठं दान! पोपच्या राजकीय सत्तेसाठी हा कागद शतकानुशतकं पुढे केला जायचा.

1440 साली लोरेन्झो व्हाल्ला नावाच्या विद्वानाने तो वाचायला घेतला. त्याच्याकडे ना सूक्ष्मदर्शक, ना रसायनशाळा. होतं फक्त लॅटिन आणि इतिहासाचं ज्ञान. वाचता वाचता तो अडखळला. सम्राट म्हणे आपल्या ‘सत्रपां’शी सल्लामसलत करून दान देतोय. सत्रप? हे तर इराणी सुभेदार! रोमच्या सम्राटाच्या दरबारात, सिनेटच्याही आधी, सत्रप येतील कुठून? पुढे गेला तर पोपच्या अधिकाराखालच्या मोठ्या धर्मपीठांच्या यादीत कॉन्स्टँटिनोपल. आता बघा, त्या शहराची प्रतिष्ठापना 330 सालची, आणि दानपत्र स्वतःला त्याच्या आधीचं म्हणवतंय. जे शहर अजून त्या नावाने उभंच नाही, त्याचं धर्मपीठ कुठून आलं? वर त्यातलं लॅटिनही कॉन्स्टंटाइनच्या काळचं वाटेना, कितीतरी नंतरच्या काळातलं ओबडधोबड लॅटिन. कागद बनावट निघाला. आज अभ्यासक तो साधारण आठव्या शतकातला मानतात.

शंका घेणारा व्हाल्ला पहिला नव्हे. काही वर्षं आधी कूसाचा निकोलस या जर्मन धर्मपंडितानेही ती मांडली होती. पण एकेक शब्द धरून उलटतपासणी केली ती व्हाल्लाने.

आणि खरी गंमत पुढेच आहे. व्हाल्ला त्या वेळी नोकरीला कुणाकडे होता? स्पेनमधल्या आरागॉनच्या राजा आल्फोन्सोकडे, आणि इटलीतल्या नेपल्सच्या गादीवरून त्या राजाचं पोपशी वाकडं होतं! म्हणजे खोटेपणा उघडा पाडणाऱ्याचाही हेतू धुतल्या तांदळासारखा नव्हता. पण म्हणून सत्रपांचा मुद्दा खोटा ठरतो का? नाही. हेतू तपासायचा आणि पुरावाही तपासायचा. एकाने दुसऱ्याचं काम भागत नाही. काही वर्षांनी नव्या पोपने याच व्हाल्लाला आपल्या दरबारात नोकरी दिली, हेही जाता जाता.

तर तीन प्रश्न. हे कोण म्हणतंय? केव्हा म्हणतंय? आणि कुणाच्या फायद्याचं आहे? परत सांगतो: कोण, केव्हा, कुणाच्या फायद्याचं. कॉलेजची वर्षं या तीन प्रश्नांची सवय लावून घेण्यासाठी. कारण विद्यापीठात ‘या प्रकरणात काय आहे?’ असं फारसं कुणी विचारत नाही. ‘हे पटतं का, आणि का?’ असं विचारतात.

सवय लावायची कशी? तीस पानांचा लेख हातात आला तर आधी दहा मिनिटं फक्त सुरुवात, शेवट आणि उपशीर्षकं. मग सलग वाचन, हातात पेन्सिल. मग पुस्तक मिटून अर्धं पान टिपण, स्वतःच्या शब्दांत: लेखकाचा दावा एका वाक्यात, त्याचे पुरावे, आणि आपली एक शंका. पुस्तक मिटायचं, हे विसरू नका. उघडं ठेवलं की हात नकळत उतरवून काढतो. पानंच्या पानं पिवळी करणाऱ्या त्या मार्करवर माझा राग आहे. सगळंच रंगवल्यावर महत्त्वाचं उरतं काय?

निबंध लिहिताना सगळ्यात जास्त मुलं घसरतात ती सारांशावर. पंधराशे शब्दांपैकी हजार शब्द ‘लेखक म्हणतो, लेखक म्हणतो’ यातच जातात. आधी आपला दावा असा लिहा की ज्याच्याशी कुणी वाद घालू शकेल. ‘दानपत्र महत्त्वाचं होतं’ हा दावा नव्हे, त्यावर कोण भांडणार? ‘दानपत्राचा खोटेपणा त्याच्या भाषेनेच उघड केला’ हा दावा. मग दोन-तीन पुरावे आणि आपल्या विरुद्ध जाणारा सगळ्यात भक्कम मुद्दा, त्याच्या उत्तरासह. प्रस्तावना शेवटी लिहा. खर्डा दोन दिवस बाजूला ठेवून मोठ्याने वाचा. जिथे जीभ अडते तिथे बहुधा विचारच अडलेला असतो.

विषय निवडताना संख्याशास्त्राचा एक तरी पेपर घ्या. मानसशास्त्र, अर्थशास्त्र, समाजशास्त्र यांत पुढे तक्ते वाचावेच लागतात, आणि नेमकी तिथेच वाचनात तरबेज असलेली मुलं गडबडतात. ज्या विद्यापीठात जायचंय, तिथल्या प्रवेशाला आधी कोणते विषय लागतात ते पहिल्याच वर्षी बघा. शेवटच्या सत्रात कळलं तर उपयोग नाही. शिफारसपत्रासाठी प्राध्यापकांना किमान महिनाभर आधी सांगा आणि सोबत आपला एक तपासलेला निबंध द्या, म्हणजे त्यांना लिहायला काही धरायला मिळेल.

आणि टिपणात प्रत्येक उताऱ्यापुढे पान क्रमांक तिथल्या तिथे घाला. निबंध द्यायच्या आदल्या रात्री चारशे पानांत एक वाक्य शोधत बसण्यापेक्षा ते सोपं आहे. नमस्कार.