काटा अर्ध्यावर, टाकी कोरडी

राम राम मंडई.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. वैशाखातलं लग्न, आमच्या जुन्या डिझेल जीपमध्ये अकरा माणसं, आणि चाळीसगाव मागे टाकून आम्ही कन्नडचा घाट चढत होतो. एका वळणावर इंजिनाने दोन उचक्या दिल्या आणि गाडी गप्प. मी डॅशबोर्डकडे पाहिलं, डिझेलचा काटा अर्ध्यावर. म्हणजे तेल आहे. मग बॉनेट उघडलं, पाइप चाचपले, फिल्टरवर टकटक केली. अर्धा तास गेला. शेवटी मामांनी टाकीचं झाकण काढलं, गाडीला दोन हिसके दिले, कान लावला आणि म्हणाले, "भाचा, टाकीमा काहीच नही."

डिझेल गाडी कोरडी पडली की नुसतं तेल ओतून सुरू होत नाही. लाइनीत हवा शिरते. मेकॅनिक म्हणतात, गाडीने एअर घेतली. फिल्टरवरचा स्क्रू ढिला करायचा आणि फेस जाऊन सलग तेल येईपर्यंत हातपंप मारत बसायचं. आम्ही पोचलो तेव्हा पंगत उठली होती.

पण खरा खर्च पुढे झाला. एका गॅरेजवाल्याने गाडीखाली न वाकताच निदान केलं, टाकीत तरंगणारा फ्लोट गेला. नवीन टँक युनिट, म्हणजे फ्लोट आणि त्याचा दांडा बसवलेला टाकीतला भाग, नवं पॅकिंग, मजुरी. सगळं बसवलं, काटा तरी अर्ध्यावरच. पुढे एका म्हाताऱ्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. त्यांनी हातात पान्हासुद्धा घेतला नाही. म्हणाले, "चावी बंद कर. काटा कुठे आहे? आता चालू कर. हलला का?" नाही हलला. मीटरच्या मागे करंट आणणाऱ्या वायरीचं थिंबल, म्हणजे टोकाची पितळी टोपी, गंजून सुटलं होतं. तो काटा मला काही सांगतच नव्हता. जिथे मेला तिथे उभा होता, एवढंच.

तेव्हापासून काट्याच्या भानगडीत माझं डोकं शिरलं ते शिरलंच. म्हणून आज तुमच्याशी एवढंच बोलायचंय की काटा बिघडला म्हणून लगेच काही विकत घेऊ नका. आधी दुखणं टाकीच्या बाजूला आहे की डॅशबोर्डच्या, ते शोधा. त्याला पाच मिनिटं लागतात.

रचना साधी असते. टाकीत एक फ्लोट तरंगतो. त्याच्या दांड्याचं दुसरं टोक एका तारेच्या गुंडाळीवरून सरकतं. तेल खाली गेलं की दांडा खाली, आणि वायरीतून जाणारा करंट कमी किंवा जास्त होतो. डॅशबोर्डवरचा काटा तो करंट दाखवतो. जुन्या गाड्यांत मीटर दोन जातींचे. एकात तापणारी पट्टी असते. चावी फिरवली की काटा सावकाश, आळस दिल्यासारखा उठतो, आणि चावी काढली की खाली बसतो. दुसऱ्यात दोन कॉइल असतात. तो काटा झटकन उठतो, पण चावी बंद केल्यावर पुष्कळदा वाटेल तिथे थांबतो. आमची जीप या दुसऱ्या जातीची.

आता ती पाच मिनिटांची परीक्षा. आधी फ्यूज बघून घ्या. मग चावी बंद ठेवून टँक युनिटची वायर काढा. तिला जोडवायर लावून टाकीपासून चांगली लांब आणा. अजून कुठे टेकवू नका. चावी चालू करा, काटा कुठे जातो ते बघा. पुन्हा चावी बंद. आता जोडवायरीचं टोक बॉडीच्या खरवडलेल्या, चकचकीत लोखंडाला बांधा आणि चावी चालू करा. काटा एका टोकापासून दुसऱ्या टोकाला गेला, तर मीटर आणि मधली वायर ठणठणीत. दुखणं टाकीकडे. काटा ढिम्म राहिला, तर टाकीला हात लावू नका, मधली वायर बघा आणि वर डॅशबोर्डमागे शोधा. काही गाड्यांत असा अर्थ दिल्यावर, म्हणजे वायर बॉडीच्या लोखंडाला जोडल्यावर, काटा फुल्लवर जातो, काहींत रिकाम्यावर, त्याने घाबरू नका. काटा टोकाला पोचला की चावी बंद करा. पट्टीवालं मीटर जास्त वेळ ताणलं तर जळतं. आणि बॅटरीचा थेट करंट युनिटच्या वायरीला कधीच देऊ नका.

वायर लांब आणायला का सांगतो? ठिणगी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, गाडीखाली खड्ड्यात साचून बसते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो तेव्हा तर टाकीचं झाकण काढल्याबरोबर वाफ तोंडावर येते. हे काम सकाळी, उघड्यावर करा. युनिट उघडायचं असेल तर आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. बिडीवाल्या मदतनिसाला लिंबाखाली बसवा, तिथून सल्ले देऊ द्या.

डॅशबोर्डमागचं एक लक्षण सांगतो. डिझेलचा आणि टेंपरेचरचा, दोन्ही काटे एकदम मेले किंवा दोन्ही एकदम चढे दाखवायला लागले, तर दोन मीटर एका दिवशी बिघडले असं कुणी म्हणालं तरी ऐकू नका. पट्टीवाल्या मीटरांना बऱ्याचदा एक छोटा स्टॅबिलायझर असतो. तो बॅटरीचे १२ व्होल्ट उतरवून १०च्या आसपास देतो. तो गेला किंवा त्याचा अर्थ सुटला की दोघेही बहकतात.

टाकीकडे दुखणं निघालं, तरी युनिट काढण्याआधी अर्थ बघा. टाकी रबरावर बसवलेली असते, वरून गंज, आणि त्यावर आपली काळी माती. करंटला परत जायला वाट कुठून मिळणार? युनिटच्या पत्र्यापासून बॉडीच्या साफ केलेल्या बोल्टपर्यंत एक वायर ओढा. माझ्याकडे येणाऱ्या जुन्या गाड्यांपैकी कितीतरी एवढ्यावरच घरी जातात, आणि मालकाचा चेहरा पडतो. त्याला वाटत असतं, काहीतरी मोठं निघेल.

मग मात्र युनिट काढा. स्क्रू सोडण्याआधी खडूने खूण करा, उलटं बसलं तर दांडा टाकीच्या भिंतीला अडकतो. फ्लोट कानाशी हलवा. आत खुळखुळ झाली तर तो भोक पडून बुडलाय, काटा कायम रिकामा दाखवणार. खात्री हवी असेल तर चुलीपासून लांब, बादलीतल्या गरम पाण्यात बुडवा, बुडबुडे येतील. पितळी फ्लोटचं भोक बुजवायला तसाच सोल्डरचा डाग द्यायला जाऊ नका, आत पेट्रोल असतं, तो हातात फुटेल. नवा घाला. जुने बुचाचे फ्लोट आणि पॅकिंगही आता लवकर जातात, कारण पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते पाणी ओढतं आणि बुचावरचा जुना लेप सोडवतं.

फ्लोट चांगला असेल तर मल्टिमीटर ओहमवर, म्हणजे तारेचा विरोध मोजायला, लावून दांडा हळूहळू वर न्या. आकडा सलग बदलला पाहिजे. मध्येच उडी मारत असेल, तर तेवढी गुंडाळी घासलीय. काटा पाऊण टाकीपर्यंत बरोबर, मग एकदम शून्य, आणि पाव टाकीला पुन्हा जिवंत, हा खेळ त्यामुळेच. नवं युनिट घेताना जुनं सोबत न्या. काही १०पासून १८० ओहमपर्यंतची, काही उलटी चालणारी. दिसायला सारखं म्हणून बसवलं, तर काटा उलट बोलेल.

सगळं बसलं की सपाट जागी गाडी उभी करून रिकाम्या टाकीत पाच-पाच लिटर मापून ओता आणि दर वेळी काटा कुठे आला ते लिहा. टाकी काही चौकोनी डबा नसते, काट्याचं अर्धं म्हणजे लिटरचं अर्धं नव्हे. ट्रॅक्टरवाले तुराटी बुडवून बघतात, त्यांना मी हसत नाही. फक्त साल काढून घ्या, नाहीतर ती फिल्टरमध्ये सापडते.

आमच्या जीपच्या डॅशबोर्डवर तो कागद अजून चिकटवलेला आहे. उन्हाने पिवळा पडलाय, पण शाई दिसते: काटा अर्ध्यावर, १७ लिटर. त्याखाली मामांनी पेनने भर घातलीय, "तरी झाकन उघाडी देखज्यो."

राम राम.