आत माया आहे

(दृश्य: डोंबिवलीतलं घर, खिडकीपाशी शिवणाचं पायमशीन. त्यावर कपड्यांचा ढीग.)

हे मशीन आमच्या घरात माझ्याआधी आलं. काळं, अंगावर सोनेरी वेलबुट्टी. ती आता अर्धी पुसलीय, आणि जिथे आईचा डावा हात टेकायचा तिथला काळा रंगही उडालाय. गेली कितीतरी वर्षं याच्यावर इस्त्रीला द्यायचे कपडे साठत होते. नव्या पाहुण्यांना ते टेबलच वाटायचं.

मागच्या जूनमध्ये मी तो ढीग उचलला. वय ४६. नोकरी ऑफिसातली, दिवसभर डोळे स्क्रीनला चिकटलेले. शर्टाचं बटण तुटलं की आईला हाक मारायची, एवढाच माझा शिवणाशी संबंध.

आईला म्हटलं, "शर्ट शिवायला शिकतोय."

"कोणाचा?"

"माझाच. हौस म्हणून."

"हौस," ती म्हणाली, आणि पुन्हा मेथी निवडायला लागली.

(दृश्य: गिरणगावातली चाळ. बंद गिरणीचं धुराडं.)

तिच्या त्या एका शब्दात बरंच काही होतं. १८ जानेवारी १९८२ला मुंबईच्या कापड गिरण्यांमधले सुमारे अडीच लाख कामगार कामगारनेते डॉ. दत्ता सामंतांच्या मागे संपावर गेले. माझे वडील साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात होते, तेही गेले. तो संप मागे घेतल्याची घोषणा आजवर झालेली नाही. गिरणगावात तेव्हा कुणाच्या बायकोने खाणावळ घातली, कुणी भाजी विकायला बसली. आई मशीनवर बसली. ब्लाउज, परकर, शाळेचे गणवेश. रात्री आम्ही झोपायचो ते पायडलच्या आवाजावर. आवाज थांबला की जाग यायची.

म्हणजे आमच्या घरात हौसेने शिवणारा मीच पहिला.

(दृश्य: दोन हात, पट्टा चढवताना.)

मी शिवणाचा क्लास लावला. आता घरातच गुरू असताना क्लास कशाला? आईच्या डोळ्यांना आता सुईचं नेढं दिसत नाही, हे एक कारण. दुसरं जास्त खरं आहे. तिला शिकवता येत नाही. मुंढा, म्हणजे बाही जोडायचा गोलावा, किती खोल घ्यायचा विचारलं की म्हणते, "हाताला कळतं ना." आणि फार झालं तर, "तसूभर आत घे." तसू हे जुन्या शिंप्यांचं माप. गजाचे चोवीस तसू. आपण बोलताना 'तसूभरही हलला नाही' म्हणतो ते हेच. पण माझ्या टेपवर तसू नाही, इंच आहेत. म्हणून क्लास.

क्लासमध्ये आम्ही नऊ जण. आठ बायका आणि मी. टेलरने ऐन लग्नाच्या आदल्या दिवशी ब्लाउज अर्धवट हातात ठेवला म्हणून चिडून आलेली एक मुलगी, बँकेतून निवृत्त झालेल्या एक बाई, नातवाचं झबलं स्वतः शिवायचंय म्हणणाऱ्या दोन आज्या. पहिल्या दिवसापासून मला सगळ्यांनी 'काका' करून टाकलं. आज्यांनीसुद्धा.

(दृश्य: वहीचा रेघी कागद, सुईखाली सरकणारा.)

पहिले चार दिवस कापड नाही, दोराही नाही. वहीचा रेघी कागद घ्यायचा आणि रिकाम्या सुईने रेघेवरून चालवायचा. ऐकायला सोपं वाटतं. पायडल पुढे-मागे दाबलं की चाक कधी आपल्या बाजूला फिरतं, कधी उलटं. उलटं फिरलं की दोऱ्याचा गुंता ठरलेला. गाडी चालवणाऱ्या माणसाचा पाय इथे एकदम अडाणी होतो. माझ्या पहिल्या कागदावर रेघ एकीकडे आणि भोकं भलतीकडे, खंडाळ्याच्या घाटासारखी. शिकवणाऱ्या ताईंनी तो उजेडासमोर धरला आणि म्हणाल्या, "काका, सुईकडे बघू नका. रेघेकडे बघा."

सुईकडे बघायचं नाही, हे अंगवळणी पडायला मला दोन आठवडे लागले.

मग दोरा आला, आणि कळलं की आयुष्यभर अंगावर असलेली टीप आपण कधी नीट पाहिलीच नव्हती. हाताच्या टाक्यात एकच दोरा इकडून तिकडे जातो. मशीनच्या टाक्यात दोन असतात. वरचा रिळातून, खालचा बॉबिनमधून, म्हणजे सुईखाली बसवलेल्या छोट्या रिळातून. सुई कापडात उतरते आणि किंचित वर येते. त्या क्षणी दोऱ्याचा एक चिमुकला फास तयार होतो. बॉबिन ज्यात बसते त्या शटलचं टोक त्यात शिरतं, फासाला बॉबिनभोवती फिरवून आणतं आणि दोन्ही दोरे कापडाच्या पोटात एकमेकांत अडकतात. वरचा ताण जास्त झाला तर खालचा दोरा वर डोकावतो. वरचा ताण सैल पडला तर कापडाखाली जाळं. नवशिका हमखास बॉबिनला शिव्या घालतो, पण बहुतेक वेळा चूक वरचा दोरा ओवण्यात असते.

हे सगळं जमतं कारण मशीनच्या सुईचं नेढं टोकाशी असतं. रतनगडाच्या, राजगडाच्या नेढ्यात आपण वारा खात बसतो, तोच शब्द. हातसुईचं नेढं वरच्या अंगाला. ते खाली टोकाकडे आणून दोन दोऱ्यांचा टाका घालणाऱ्या यंत्राचं अमेरिकन पेटंट १८४६मध्ये एलियस हाउ यांनी घेतलं. सिंगर यांचं पेटंट १८५१चं. त्याआधी फ्रान्समध्ये तिमोनिये नावाच्या शिंप्याने यंत्रांवर लष्करी गणवेश शिवायला सुरुवात केली, तर १८३१मध्ये पॅरिसच्या शिंप्यांनी येऊन ती यंत्रं फोडली. पोट जाईल, ही भीती. गिरणगावातल्या माणसाला ती समजावून सांगावी लागत नाही.

यंत्रांवर एरवी नाराज असणाऱ्या गांधीजींनी मात्र शिवणयंत्राला अपवाद केलं होतं. १९२४मध्ये ते म्हणाले होते, की सिंगरने बायकोचे कष्ट पाहिले आणि निव्वळ प्रेमापोटी हे यंत्र केलं. गोष्ट गोड आहे. पण सिंगर साहेबांचे संसार अनेक आणि मुलं विसाच्या वर होती, तेव्हा नेमक्या कोणत्या बायकोचे कष्ट, हा प्रश्न उरतोच.

(दृश्य: मंगलदास मार्केट. गल्लीत दोन्ही बाजूंना ताग्यांच्या भिंती.)

लेंगा जमला. उशीचे अभ्रे जमले. मग शर्टाचं कापड आणायला मी क्रॉफर्ड मार्केटशेजारच्या मंगलदास मार्केटात गेलो. इथे पहिला प्रश्न येतो, "पन्हा किती?" पन्हा म्हणजे कापडाची रुंदी. पूर्ण बाहीच्या शर्टाला ५८ इंची पन्ह्यात एक मीटर साठ सेंटिमीटर कापड भागतं. ३६ इंचीत सव्वादोन ते अडीच मीटर लागतं. मी ५८ इंची सुती कापड घेतलं, छापील, बारीक पानांचं. घरी आल्यावर आईने ते आधी बादलीत बुडवलं. सुती कापड पाण्यातून काढल्याशिवाय बेतायचं नाही, नाहीतर पहिल्याच धुण्यात शर्ट मुलाला होतो.

शिवून घेण्यापेक्षा स्वतः शिवलं की स्वस्त पडतं, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. कापड, कॉलर कडक करायचं बकरम, रिळं, बटणं, क्लासची फी, आणि मग माझ्यासारखा पराक्रम.

(दृश्य: टेबलावर दोन बाह्या, शेजारी शेजारी.)

पाहा. या दोन्ही बाह्या उजव्या हाताच्या आहेत.

बाहीचा मुंढा पुढच्या बाजूला जास्त खोल असतो, मागे कमी. कापड दुहेरी घालून कापलं की एक डावी, एक उजवी आपोआप मिळते. मी शहाणा. कापड एकेरी पसरलं आणि तोच कागद दोनदा, तसाच ठेवून कापलं. साधं पॉपलिन असतं तर एक बाही उलटी करून लावता आली असती. माझं छापील. उलट्या बाजूने पानं फिकट.

क्लासमध्ये सगळ्या आधी गप्प बसल्या. मग त्यातल्या एका आजी म्हणाल्या, "काका, कापड अंगावर बेतायचं असतं, तुम्ही जिवावर बेतलंत." ताईसुद्धा हसल्या.

पुढच्या शनिवारी पुन्हा मंगलदास. बाह्यांसाठी साधं निळं कापड. आता लोक विचारतात, ही फॅशन आहे का? मी हो म्हणतो.

कॉलरबद्दल फार बोलत नाही. तीन वेळा उसवली. टोकं चौथ्या वेळीही सारखी नाहीत.

(दृश्य: ट्रंक उघडते. घडी घातलेला निळा सदरा.)

शर्ट पुरा झाला त्या रात्री मी तो आईला दाखवला. तिने पुढची बाजू पाहिलीच नाही. सरळ उलटा केला आणि बगलेखालच्या शिवणीवर बोट फिरवलं. डोळ्यांनी दिसत नाही, बोटांना दिसतं.

"माया कुठाय?"

शिवणीच्या आत जास्तीचं कापड सोडतात, त्याला आपल्याकडे माया म्हणतात. उद्या अंग सुटलं तर उसवून कपडा मोठा करता यावा म्हणून. मी बाजारच्या शर्टासारखी पाव इंच सोडून बाकी कापून टाकली होती. तुमच्या अंगावरचा तयार शर्ट उलटा करून बघा, तिथेही बहुधा तेवढीच असेल. कारखान्यात हजारो शर्ट कापताना प्रत्येक शिवणीत इंचभर वाचलं की किती मीटर वाचतं, याचा हिशेब कुणीतरी केलेला असतो. आईचा हिशेब वेगळा होता. माझी शाळेची चड्डी दर जूनमध्ये खालून उसवली जायची आणि वर्षभर जुन्या दुमडीची रेघ मांडीवर मिरवायची. मला त्या रेघेची लाज वाटायची.

आईने ट्रंकेतून वडिलांचा सदरा काढला. संपाच्या आधीचं, गिरणीचं कापड. तिनेच शिवलेला. मी घालून पाहिला, छातीत घट्ट.

"किती हवंय?"

"तीन इंच."

"उसव."

(दृश्य: ब्लेड. एकेक टाका तुटतो. आवाज फक्त खिडकीबाहेरचा.)

बाहेरून सदरा धुऊन धुऊन आकाशी झालाय. शिवण उघडली आणि आत मूळचा गडद निळा निघाला, कालच ताग्यावरून फाडल्यासारखा. टेप लावली. सव्वा इंच. पुढच्या भागाला सव्वा, मागच्या भागाला सव्वा. दुसऱ्या बगलेत तेवढीच. चार कडा, प्रत्येकी पाऊण इंच सोडला की तीन.

"बाहीलाही तेवढीच आहे," आई आतून म्हणाली. "आणि सगळी सोडू नकोस."

प्रत्येक कडेला अर्धा इंच राहतो. तेवढा आत ठेवून मी खडूची रेघ मारली. दोन्ही बाजूंना गडद निळी पट्टी दिसणार आहे. दिसू दे.

(दृश्य: पायडल. टीप चालू होते.)