दोन्ही बिया वाया जाण्याची शक्यता किती? स्वतंत्र आणि अवलंबी घटना

नमस्कार मंडळी. आपल्या जळगाव-धुळ्याकडे कपाशी टोबताना एका फुलीवर, म्हणजे बी लावायच्या एका खुणेवर, दोन बिया टाकतात. एक नाही उगवली तर दुसरी उगवेल, हा हिशोब. समजा, बियाण्याची उगवण 80 टक्के आहे. मग दोन्ही वाया जाण्याची संभाव्यता किती? बरेच जण लगेच 0.2 गुणिले 0.2 करतात आणि 0.04 सांगतात. हजार फुल्यांमागे 40 नांग्या, म्हणजे काहीच न उगवलेल्या रिकाम्या जागा. पण हा गुणाकार इथे चालतो का, हे आधी बघायला हवं.

त्यासाठी ही टोपली. (टोपली कॅमेऱ्यासमोर धरायची.) भरिताची 10 वांगी, त्यांत 3 किडकी. न बघता एक उचललं, तर किडकं निघण्याची संभाव्यता 3/10. ते परत टाकलं, टोपली हलवली, पुन्हा उचललं, तरी 3/10च. दोन्ही वेळा किडकं निघण्याची संभाव्यता 9/100. पहिल्या वेळी काय निघालं याचा दुसऱ्या वेळेवर काहीच परिणाम नाही, म्हणून या स्वतंत्र घटना.

आता पहिलं किडकं वांगं बाजूलाच ठेवा. उरली 9, त्यांत किडकी 2. म्हणून 3/10 गुणिले 2/9, उत्तर 1/15. या अवलंबी घटना. गुणाकार इथेही आहे, पण दुसरा अपूर्णांक पहिली घटना घडल्यानंतरचा घ्यायचा. पेपरात मुलं छेद 9 करतात आणि अंश 3च ठेवतात, तिथे मार्क जातात. प्रश्नातल्या ‘परत न ठेवता’ या शब्दांखाली आधी रेघ मारा.

नुसत्या अंदाजावरही जाऊ नका. एकच फासा घ्या. ‘सम अंक’ आणि ‘4 किंवा त्यापेक्षा कमी’: 1/2 गुणिले 2/3 म्हणजे 1/3. प्रत्यक्षात दोन्ही अटींत 2 आणि 4 बसतात, म्हणजे 2/6, तेच 1/3. स्वतंत्र! आता 4 च्या जागी 3 घ्या. गुणाकार येतो 1/4, पण बसतो फक्त 2, म्हणजे 1/6. स्वतंत्र नाहीत. फासा तोच, तरी निकाल वेगळा, म्हणून मोजूनच ठरवा. आणि एकाच वेळी घडूच शकत नाहीत अशा घटनांना कृपा करून स्वतंत्र म्हणू नका. एक घडली की दुसरीची शक्यता थेट शून्य होते, याहून जास्त अवलंबून काय असणार?

आता परत कपाशीकडे. लागवडीनंतर जोराचा पाऊस झाला, वर ऊन पडलं, की जमिनीवर पापडी धरते आणि एका फुलीतल्या दोन्ही बिया एकाच पापडीखाली अडकतात. आकडे मानू या: पापडी धरण्याची संभाव्यता 0.2, तेव्हा उगवण 0.4, नाही धरली तर उगवण 0.9. (स्क्रीनवर: 0.8 × 0.9 + 0.2 × 0.4 = 0.80) सरासरी तीच, 80 टक्के. पण दोन्ही वाया जाण्याची संभाव्यता बघा. (स्क्रीनवर: 0.8 × 0.1 × 0.1 + 0.2 × 0.6 × 0.6 = 0.008 + 0.072 = 0.08) बरोबर दुप्पट!

तीही सगळीकडे सारखी नाही. पापडी न धरलेल्या शेतात हजारामागे 10 नांग्या, धरलेल्या शेतात 360. तिथे तिसरी बी टाकली असती तरी 0.6 तीनदा गुणून 216 नांग्या उरल्याच असत्या.