महाधमनीखालचा खळगा

समजा, दोन महिने आवाज बसलेला एक माणूस ओपीडीत आला. ताप नाही, खोकला नाही. दुर्बिणीतून पाहिलं, तर डावा स्वरतंतू हलत नाही. घशात बाकी काही नाही. डॉक्टर म्हणतात, छातीचा एक्स-रे काढा. आवाजासाठी छाती कशाला?

फिल्मच्या मधोमध हा पांढरा पट्टा दिसतोय, तो मेडियास्टिनम. दोन फुप्फुसांमधली जागा. हृदय, महाधमनी, श्वासनलिका, अन्ननलिका, लसीकाग्रंथी, सगळं एकावर एक पडलेलं. शिकणाऱ्याची नजर इथे थांबत नाही, ती काळ्या फुप्फुसांत डाग शोधत फिरते. पण वाचायच्या असतात त्या या पट्ट्याच्या कडा.

कड दिसते कशी? हवा काळी, मांस आणि रक्त पांढरं. दोन्ही जिथे भिडतात, तिथेच रेघ उमटते. हृदयाची उजवी कड दिसते, कारण तिला लागून असलेल्या उजव्या फुप्फुसाच्या मधल्या खंडात हवा आहे. न्यूमोनियानं तो खंड भरला, की कड पुसली जाते. न्यूमोनिया मागच्या, खालच्या खंडात असेल, तर एवढ्या पांढरेपणातही कड शाबूत राहते. सिनसिनाटीच्या बेंजामिन फेल्सन यांच्या १९५० च्या लेखानं या खुणेला 'सिल्हूट साइन' हे नाव रूढ केलं. सपाट चित्रावरून पुढचं काय आणि मागचं काय ते कळतं! मला हे आजही विलक्षण वाटतं.

श्वासनलिकेच्या उजवीकडे बघा. आत हवा, बाहेर हवा, मध्ये पातळ भिंत. ही पट्टी साधारण ४ मिलिमीटरपर्यंत असते. जाड दिसली, तर ग्रंथी सुजल्यात का ते पाहायचं. आपल्याकडे टीबी आधी आठवतो. मात्र झोपवून काढलेल्या फिल्मवर किंवा रुग्ण जरा वळला असेल तरी मेडियास्टिनम उगाच रुंद दिसतो. म्हणून आधी कॉलरबोनची आतली टोकं मणक्यापासून सारख्या अंतरावर आहेत ना, ते बघून घ्यायचं.

आता डावीकडे. वर महाधमनीची कमान, खाली फुप्फुसाची डावी धमनी, दोन्हींच्या मध्ये आत वळलेला छोटा खळगा. स्वरयंत्राची डावी नस इथेच कमानीला खालून वळसा घालते आणि वर गळ्याकडे जाते.

आपल्या रुग्णाची तीन वर्षांपूर्वीची फिल्म शेजारी लावा. तिच्यावर खळगा आहे. आजच्या फिल्मवर त्याच जागी कड बाहेर फुगलीय. दोन्ही फुप्फुसं स्वच्छ. सीटी स्कॅनची चिठ्ठी आजच लिहायची.